दुपारी बंद पडणारा फ्रिज

हंसाच्या घरातला फ्रिज पहिल्यांदा बंद पडला तेव्हा घरात ती एकटीच होती. पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली.

एप्रिल महिना होता, वसईजवळच्या पापडी गावात ऊन मी म्हणत होतं. जेवणं उरकून नवरा हरेश्वर मागच्या वाडीत केळीला पाणी सोडायला गेला होता. मुलगा हितेश अंधेरीला ऑफिसात आणि सून दिपिका वसई स्टेशनजवळच्या लॅबमध्ये, जिथे ती काउंटर सांभाळायची. हंसा ओटा पुसत होती. एकाएकी तिला वाटलं की घरात काहीतरी थांबलंय. तिने फडकं खाली ठेवलं. पंखा सुस्त फिरत होता, बाहेर कोंबड्या कुरकुरत होत्या. मग तिच्या लक्षात आलं, फ्रिजची घरघर येत नाहीये.

तिने दार उघडलं. आत दिवा लागला. म्हणजे लाईट होती. दार लावून तिने बाजूला हात टेकला, कान लावला. काही नाही. बटण बंद करून पुन्हा चालू केलं, तरी काही नाही. मग ती कपडे काढायला मागच्या दारी गेली, अर्धे कपडे तसेच ठेवून परत आली, पुन्हा कान लावला. असं तिचं चहाच्या वेळेपर्यंत चाललं. हरेश्वर पाय धुऊन आत आला, तोवर फ्रिज आपला नेहमीसारखा घरघरत होता.

"चालू तर हाय," तो म्हणाला.

"आता झाला. मघापासून बंद होता."

"लाईट गेली असंल."

"लाईट होती. आतला दिवा लागत होता."

हरेश्वरने दार उघडून दिवा बघितला, पाण्याची बाटली काढली आणि विषय संपला. पाणी फारसं गार नव्हतं. पण तहान लागली होती, त्याने घटाघट पिऊन टाकलं.

हंसा तशी पहिल्यापासूनच हातपाय न थांबणारी बाई. आगाशीहून लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून वाडीतला मोगरा तिच्याकडे होता. पहाटे कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या, काही बाजारात पाठवायच्या, काही घरी ठेवून संध्याकाळी वेण्या करायच्या. गल्लीत कुणाचं बारसं असो की लग्न, वेणी हंसाच्याच हातची. कळ्या दिवसभर फ्रिजमध्ये राहिल्या तरच संध्याकाळपर्यंत मिटलेल्या राहतात, नाहीतर उमलून जातात आणि दोरा घालताना पाकळ्या गळतात. म्हणून घरात इतरांना फ्रिज म्हणजे दूध आणि गार पाणी असला, तरी हंसाला तो कळ्यांसाठी हवा असे.

त्यानंतर तो अधूनमधून बंद पडायला लागला. कधी लागोपाठ दोन दुपारी, कधी आठवडाभर नाहीच. तिला वाटायचं, सुटले. की पुन्हा एका दुपारी घर गप्प व्हायचं. एकदा दूध नासलं. एकदा दिपिकाने आणलेलं आइस्क्रीम डब्यात दुधासारखं झालं. हितेशने शत्रुघ्न नावाच्या मेकॅनिकला बोलावलं. तो आला संध्याकाळी, दिवसभराची कामं उरकून. फ्रिज सुरळीत चालला होता. त्याने मागची जाळी बघितली, धूळ झटकली, दाराचं रबर दाबून पाहिलं.

"काही प्रॉब्लेम दिसत नाही. रबर थोडं ढिलं आहे. दार नीट लागत नसेल, काकी. लावताना जरा दाबून लावा."

"मी दाबूनच लावते."

"घाईत राहून जातं कधी कधी," तो चहा पिता पिता म्हणाला.

तो गेल्यावर हितेश हसत म्हणाला, "आई, तूच उघडं टाकत असशील. तुझं चित्त एका जागी असतं कुठे?"

चेष्टाच होती. दिपिकाही हसली. हंसाही हसली, पण ताटं घासताना तिचं हसू विरलं. खरंच राहिलं असेल का उघडं? सकाळी कळ्या ठेवल्या तेव्हा दार लावल्याचं तिला आठवत होतं. पण ते आजचं आठवत होतं की कालचं? रोज तेच काम, रोज तोच हात. आठवायला गेलं की सगळ्या सकाळी एकमेकींत मिसळत होत्या.

तिची आई शेवटची काही वर्षं सगळं विसरली होती. सुरुवात अशीच झाली होती, गॅस चालू राहायचा, नळ उघडा राहायचा. आधी घरात सगळे हसायचे. मग हसणं बंद झालं आणि कुजबुज सुरू झाली. हंसाचे भाऊ ओटीवर बसून हळू आवाजात बोलायचे, आई आतून विचारायची, "काय बोलता रे?" आणि ते म्हणायचे, "काय नाय, आई." शेवटी शेवटी आई लेकीलाच विचारायची, "बाय, तू कोनाची?" पण हंसाला जास्त लागलं होतं ते त्या आधीचं. आईला कळत होतं की आपल्याबद्दल बोलताहेत, आणि कुणी तिला सांगत नव्हतं.

आता हंसा दार लावायची, दाबायची, दोन पावलं जायची आणि परत येऊन पुन्हा दाबायची. वाडीत कळ्या खुडताना मध्येच टोपली ठेवून घरात यायची. दुपारी डोळा लागेनासा झाला. पाठ टेकली की कान फ्रिजकडे. चालू असला तरी चैन नाही, आता बंद पडेल. बंद पडला की पुन्हा चैन नाही, आता चालू कधी होईल. हरेश्वर म्हणायचा, "अगं, पड जरा." ती पडायची आणि तो घोरायला लागला की उठायची.

एका दुपारी तो बंद पडल्यावर तिने दिपिकाला लॅबमध्ये फोन लावला.

"दिपिका, ऐक हां," असं म्हणून तिने फोन फ्रिजला लावून धरला. मग पुन्हा कानाला लावून विचारलं, "ऐकलंस?"

"आई, काहीच ऐकू येत नाहीये."

"तेच तर सांगते ना!"

पलीकडे लॅबमध्ये माणसं बोलत होती, कुणाचा तरी नंबर पुकारत होते. मग दिपिका फार मऊ आवाजात म्हणाली, "बरं आई. तुम्ही जरा पाणी प्या आणि बसा हं. मी आल्यावर बघते."

तो मऊ आवाज हंसाला मुळीच आवडला नाही. लहान मुलाशी बोलावं तसा होता.

दुसऱ्या दिवशी तिने जुन्या साडीचा काठ फाडला आणि सकाळी कळ्या ठेवल्यावर फ्रिजच्या दाराची मूठ खिडकीच्या गजाला घट्ट बांधून टाकली. आता दार उघडं राहायचा प्रश्नच नव्हता. दुपारी फ्रिज बंद पडला. गाठ जशीच्या तशी होती. हंसाला केवढा आनंद झाला! आपल्या हातून काही चुकत नाही, याचा पुरावाच मिळाला होता. हितेश आणि दिपिका घरी येईपर्यंत तिने गाठ सोडली नाही. त्यांना दाखवायची होती.

हितेश पाण्यासाठी स्वयंपाकघरात आला आणि दारातच थबकला. गजाला बांधलेला फ्रिज. काठाला तीन-तीन गाठी. आतून घरघर चालू.

"हे काय आहे, आई?"

"बघ, दार बांधलेलं होतं. तरी बंद पडला. आता सांग."

हितेशने दिपिकाकडे पाहिलं. दिपिकाने हितेशकडे पाहिलं. ते पाहणं हंसाने ओळखलं. आगाशीच्या ओटीवर तिने ते पुष्कळदा बघितलं होतं. तिने गाठी सोडल्या आणि काठाची घडी करून ठेवली.

मे महिन्यात शेजारच्या ॲनीच्या मुलीचं, क्रिस्टीनाचं लग्न ठरलं. ॲनी आणि हंसा एकाच वर्षी सुना होऊन गल्लीत आलेल्या. चर्चमधलं लग्न पांढऱ्या झग्यात होणार होतं, पण आदल्या संध्याकाळी घरच्या मांडवात सगळ्या पोरींना जुन्या पद्धतीचं लुगडं नेसायचं होतं.

"हंसाबाय, वेन्या तुझ्याच हातच्या," ॲनी म्हणाली. "क्रिस्टीनाची जरा भरगच्च कर. लहानपनापासून तुझ्या मोगऱ्यात लोळली ती."

हंसा हो म्हणाली आणि तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. मांडवाच्या दिवशी पहाटे तिने सगळी वाडी खुडली. टपोऱ्या, घट्ट मिटलेल्या कळ्या, मोठी टोपली भरून. ओलं फडकं, वर केळीचं पान. फ्रिजमधलं सगळं काढून तिने कळ्यांना जागा केली. हरेश्वर मांडवाच्या कामाला शेजारी गेला. हितेश आणि दिपिकाने सुट्टी घेतली होती, तेही तिकडेच होते. हंसा फ्रिजसमोर पाट टाकून बसली. शेजारून बॅन्डवाले वाद्यं जुळवून बघत होते. मध्येच ढोलाचा एक ठोका पडायचा आणि तिला फ्रिजचा आवाज ऐकू यायचा नाही, मग ती उठून हात लावायची.

दुपारी टक् असा आवाज झाला आणि फ्रिज थांबला.

ती लगेच ॲनीच्या घरी धावली. ॲनीचा फ्रिज मटणाने आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांनी ठासून भरला होता, दार लावायला दोघी लागत होत्या. तिथे कळीलाही जागा नव्हती. ॲनी कामाच्या गर्दीत होती, तिला काही न सांगताच हंसा परतली. टोपली बाहेर काढून बघितली. काही कळ्यांची टोकं सुटायला लागली होती.

मग तिला विहीर आठवली. फ्रिज येण्याआधी सासू याच विहिरीत टोपली सोडायची. पाण्याच्या जरा वर, सावलीत, तिथे गारवा असतो. मोटर बसल्यापासून विहिरीत कुणी दोर सोडला नव्हता. हंसाने पडवीतला दोर काढला, टोपलीला चारी बाजूंनी बांधला आणि काठावर ओणवी होऊन हळूहळू सोडायला लागली. टोपली पाण्याला टेकू द्यायची नव्हती, म्हणून ती पुढे वाकली, आणखी वाकली, एक पाय उचलून बघायला लागली.

हितेश खुर्च्या न्यायला घरी आला होता. मागच्या दारातून त्याला दिसली ती विहिरीवर ओणवलेली आई, एक पाय जमिनीवरून सुटलेला.

"आई!"

तो ओरडत धावला आणि त्याने मागून तिला कवेत धरून ओढलं. दोघं मातीत बसले. दोर हातातून सुटला. खाली पाण्यात धप्प आवाज झाला.

"काय करत होतीस? काय करत होतीस तू?"

"कळ्या… फ्रिज बंद पडला रे… कळ्या गार ठेवत होते…"

हितेशने तिला धरूनच घरात नेलं, जसं आजाऱ्याला नेतात. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर फ्रिज घरघरत होता.

हंसा मागे वळून पुन्हा विहिरीवर गेली. या वेळी हितेश तिच्या दंडाला धरून उभा राहिला. टोपली एका कुशीवर तरंगत होती आणि काळ्या पाण्यावर पांढऱ्या कळ्या पसरल्या होत्या. हरेश्वरला बोलावून टोपली वर काढली. जेवढ्या वाचल्या तेवढ्यात क्रिस्टीनाची एक वेणी झाली, तीही भरगच्च नव्हे. बाकीच्या मुलींसाठी बाजारातून गजरे आणले. ॲनी रागावली नाही. उलट म्हणाली, "नवरीची झाली ना, मग झालं." मांडवात सगळे नाचले. हंसा खुर्चीवर बसून होती आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी, कधी हितेश, कधी हरेश्वर, ती जागेवर आहे ना ते बघून जात होतं.

लग्नानंतरच्या सकाळी ती अंगण झाडत असताना ओटीवरून हितेश-दिपिकाचा हळू आवाज आला. "डॉक्टर", "लवकर दाखवलेलं बरं", "पप्पांना मी सांगतो" एवढं तिला ऐकू आलं. केरसुणी तिने मुद्दाम जोरात ओढली. आवाज थांबला.

"काय बोलता?" तिने विचारलं.

"काही नाही, आई," हितेश म्हणाला.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

मांडवात नाचताना दिपिकाचा पाय मुरगळला होता. सकाळी तो सुजला, आणि लॅबमधून तिला काही दिवसांची रजा घ्यावी लागली. पुढच्या खोलीत उशीवर पाय ठेवून ती पडून असायची. हंसा तिला चहा द्यायची, पायाला लेप लावायची, पण गरजेपुरतंच बोलायची. फ्रिजचं तर नावच काढत नव्हती. आता तो चालो की बंद पडो, आपण बोलायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं. पण कान ऐकतच होते.

अशाच एका दुपारी दिपिका मोबाईल बघत पडली होती. स्वयंपाकघरातून टक् आवाज आला. मग घर कसं मोकळं मोकळं झालं. काही वेळाने पुन्हा टक्. दिपिकाने मोबाईल बाजूला ठेवला. भिंतीला धरत, एका पायावर लंगडत ती स्वयंपाकघरात आली. हंसा खिडकीपाशी पाठमोरी उभी होती.

दिपिकाने फ्रिजला हात लावला. दार उघडलं, दिवा लागला. लावलं. कान टेकवून उभी राहिली.

"आई, हा बंद पडलाय."

हंसा वळली नाही.

"आई, खरंच बंद पडलाय."

"मला कशाला सांगतेस?" हंसा म्हणाली. तिचा आवाज चिरका निघाला. "मला माहीत हाय. दोन महिने माहीत हाय. हितेशला सांग. त्या शत्रुघ्नला सांग."

दिपिकाने तिथेच उभं राहून शत्रुघ्नला फोन केला. आत्ताच्या आत्ता या, संध्याकाळी नको. तो जवळच कुठेतरी काम करत होता, आला. त्याच्यासमोर पुन्हा टक् झालं. त्याने मीटर लावून बघितलं. दुपारी वाड्यांतले पंप आणि घरोघरचे एसी एकदम चालतात, तेव्हा लाईटचा दाब उतरतो. फ्रिज चालू करून देणारा मागचा छोटा भाग जुना झाला होता, कमी दाबावर त्याला जोर पुरत नव्हता. ऊन उतरलं की दाब वाढायचा आणि फ्रिज आपोआप सुरू व्हायचा. त्याने तो भाग बदलला, एक स्टॅबिलायझर बसवायला सांगितलं.

"दुपारी बोलवायला पाहिजे होतं तुम्ही," जाताना तो म्हणाला.

हंसाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

तो गेल्यावर दोघी स्वयंपाकघरात बसल्या. दिपिकाचा पाय दुखत होता, हंसाने तिच्यासमोर पाट सरकवला. फ्रिज चालू होता. आपल्याला आता हायसं वाटायला पाहिजे, असं हंसाला वाटत होतं, पण तिचा कान अजून फ्रिजकडेच होता.

"आई," दिपिका म्हणाली, "मी एका डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली होती. तुमच्यासाठी. विसरण्याचं बघतात त्या. आता रद्द करते."

"कवा घेतलीस?"

"लग्नाच्या आधीच. दार बांधलेलं बघितलं ना, तेव्हा."

मग हंसाने आपल्या आईचं सांगितलं. गॅसचं, नळाचं, ओटीवरच्या कुजबुजीचं. या घरात ते तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, हरेश्वरलाही वरवरच माहीत होतं.

"तिला कोनी सांगितलं नाय गं. ती विचारायची, आनि सगळे म्हनायचे, काय नाय. मला तसं करू नका. काय वाटलं तर तोंडावर बोल. मी रडंन, भांडंन, ते माझं मी बघंन. पन मागे नको."

दिपिकाचे डोळे भरले. "नाही बोलणार मागे."

"आनि रद्द नको करू. मला जायचंय."

"कशाला? फ्रिजच खराब होता ना?"

"फ्रिजचं कळलं. माझं कुठे कळलं अजून?"

दिपिकाचा पाय बरा झाल्यावर दोघी रिक्षाने गेल्या. डॉक्टर बाई तरुण होत्या. आजचा वार विचारला, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात उणे करायला सांगितलं. सुरुवातीला तीन शब्द सांगून ते शेवटी विचारले: रुमाल, गुलाब, गाडी. हंसाला रुमाल आठवला, गुलाब आठवला. तिसरा येईना. पदर बोटाला गुंडाळत ती छताकडे बघत राहिली. डॉक्टर म्हणाल्या, असू दे, या वयात एखादा शब्द निसटतो. आत्ता काळजी करण्यासारखं काही दिसत नाही. रक्त तपासून घ्या, झोप नीट घ्या, वर्षाने पुन्हा या.

जिना उतरता उतरता हंसा मधल्या पायरीवर थांबली.

"गाडी!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की वर चढणारा माणूस बाजूला झाला. "गाडी होता तिसरा. जाऊन सांगू?"

"राहू दे, आई," दिपिका हसत म्हणाली. पण हंसा खरंच दोन पायऱ्या परत चढली होती.

रिक्षात ती तिन्ही शब्द पुटपुटत राहिली. वर्षाने पुन्हा या म्हणजे काय? काही नसेल तर पुन्हा कशाला? पापडीचा नाका आला तरी तिचं हेच चाललं होतं. दिपिकाने तिचा हात धरून ठेवला होता.

हितेशने त्या संध्याकाळी आईची माफी मागायचा प्रयत्न केला. शब्द जुळेनात, तेव्हा तो नुसताच तिच्याशेजारी बसून मोगऱ्याच्या कळ्यांचे जादा देठ खुडायला लागला. त्याला ते जमत नव्हतं, देठाबरोबर अर्ध्या कळ्याही तुटत होत्या. "राहू दे, फुकट घालवतोस," ती म्हणाली आणि टोपली ओढून घेतली. त्याला बरं वाटलं.

हंसाची झोप मात्र लगेच परत आली नाही. दुपारी ती अजून उठते, घरभर फिरते, कडी लावली का बघते, गॅस बघते. आपली आई आपल्यात कुठे लपून बसली आहे का, हे ती शोधत असते म्हणा ना. एखादं नाव पटकन आठवलं नाही की तिचा चेहरा उतरतो.

परवा दुपारी सगळे जेवायला बसले होते, रविवार होता. पहिला घास घेतल्यावर हरेश्वर गप्प झाला. हितेशने पाण्याचा पेला उचलला. दोघं काही बोलेनात. दिपिकाने आमटी चाखली आणि ती म्हणाली, "आई, आमटीत मीठ दोनदा पडलंय."

हितेशने तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. दिपिकाने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही, ती हंसाकडे बघत होती.

हंसाने बोट बुडवून चाखलं. खरंच होतं. तिने पातेल्याची कड घट्ट धरली. मग ती उठली. पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं, पाणी ओतलं, दोन बटाटे चिरून टाकले.

"दहा मिनिटं थांबा सगळ्यांनी," ती म्हणाली. "दिपिका, तू ये इकडे. आता चाखून तू सांग."

दिपिका उठून तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली.